'कलला' आणि 'कळले'

"मना कलला नाय." आमच्या रत्नागिरीच्या मोहल्ल्यांत दिवसातून शंभर वेळा कानावर पडणारे हे वाक्य. 'मला कळले नाही' एवढाच त्याचा अर्थ. पण ते कागदावर उतरवायचे म्हटले की तीन ठिकाणी अडते. पहिल्यांदा आमच्याच पेनाच्या टोकाशी, कारण शाळेने तिथे 'कळले' बसवून ठेवलेले असते. दुसऱ्यांदा मुद्रितशोधकाच्या टेबलावर. तो बिचारा सद्भावनेने 'ल' खोडून 'ळ' करतो, 'नाय'चे 'नाही' करतो आणि 'मना' म्हणजे मनाला मारलेली हाक समजून पुढे स्वल्पविराम देतो. तिसऱ्यांदा ते वाचकापाशी अडते. तो विचारतो, तुम्ही लोक घरात उर्दू बोलता ना?

कथा आणि ललित लेखन सुधारावे कसे, असे नव्याने लिहू लागलेली मुले आम्हाला विचारतात तेव्हा आम्हाला आधी हे वाक्य आठवते. उत्तर एका ओळीत देता येत नाही. म्हणून जरा लांबण लावतो.

आम्ही म्हणजे चार-पाच जण. एक शाळेत शिकवतो, एक बँकेतून निवृत्त झाला आहे, एकाचे मिरकरवाड्यात बर्फ आणि डिझेलचे काम आहे, दोघी घर सांभाळून लिहितात. आमच्या या बैठकीला नाव नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष तर नाहीच नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, गल्लीत पुरुषमाणसे दिसू लागतात आणि कोसळत्या पावसात कुणाला कुठे जायचे नसते. तेव्हा राजिवड्यातल्या एका पडवीत आम्ही एकमेकांना लिहिलेले वाचून दाखवतो. ही सवय बऱ्याच वर्षांची आहे.

आमच्या लिहिण्याचा मूळ पेच भाषेचा आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय बाकीचे तंत्र निरुपयोगी ठरते. घरात बोलतो ती कोकणी मुसलमानांची बोली. तिच्यात 'ळ'चा 'ल' होतो, 'ण'चा 'न' होतो, 'काय झालं' हे 'काय झाला' होते. मकतबात अरबी. शाळा बहुतेकांची उर्दू, काहींची मराठी. पत्रे उर्दूत. वर्तमानपत्र मराठी. आणि कथा म्हणजे काय हे कळले ते रत्नागिरीच्या नगर वाचनालयातल्या पुस्तकांतून. १८२८ सालापासूनची परंपरा सांगणारी ही संस्था. तिथे श्री. ना. पेंडशांचा 'गारंबीचा बापू' भेटला, माडगूळकरांची 'बनगरवाडी' भेटली. थोडक्यात, कान एका घरात वाढला आणि पेन दुसऱ्या. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत रचला तेव्हाच मुसलमानाने मराठीत लिहावे का, हा प्रश्न निकालात निघाला होता. आमच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. लिहायचे, पण कोणत्या मराठीत?

याचे उत्तर शोधताना आम्हाला सर्वात जास्त मदत झाली ती पत्रांची.

सत्तरच्या दशकात आखाताचा रस्ता उघडला. त्याआधी आमची माणसे मुंबईच्या गोदीत होती, बोटींवर खलाशी होती, काही थेट दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला जाऊन राहिली होती. कुवेत-दुबईची वाट सुरू झाल्यावर मात्र घरटी एक माणूस बाहेर असे चित्र झाले. मागे राहिलेल्या बायकांपैकी अनेकींना लिहिता येत नव्हते. शाळेत जाणाऱ्या पोरांना धरून आणले जाई आणि समोर एरोग्राम ठेवले जाई. आमच्यापैकी तिघांचे लेखन तिथे सुरू झाले. दहा-बारा वर्षांच्या पोराने तीस वर्षांच्या बाईच्या वतीने नवऱ्याला लिहायचे. त्या सांगत आणि बजावत, "मी बोलती तेवढाच लिव. तुझा काय घालू नको."

आमच्या मते लेखनाच्या कार्यशाळेत याहून मोठा धडा कुणी देत नाही.

त्या पत्रांचा एक ठरलेला साचा होता. सुरुवातीला सलाम. मग इकडे सर्व खैरियत असून तिकडची खैरियत अल्लाहकडे चाहते, हे उर्दूत. मग घरातल्या प्रत्येकाचा सलाम नावानिशी, मोठ्यांपासून लहानांपर्यंत. मग पैसे मिळाले, अमुक तारखेला मिळाले. कागद भरत येई. बाई गप्प बसे. पोरगा सही कुठे करायची विचारी. आणि मग घडी घालायच्या पट्टीवर, जिथे डिंक लावायचा तिथे, ताजा कलम म्हणून एक ओळ येई. थोरलीला बघायला माणसे आली होती आणि नाही म्हणून गेली. किंवा, विहिरीचे पाणी यंदा मार्चमध्येच मचूळ झाले. किंवा, तुमच्या भावाने मधली भिंत घातली.

सगळे पत्र त्या एका ओळीसाठी लिहिलेले असायचे हे पोराला कळत नसे. पुढे कथा लिहू लागल्यावर कळले. कुणाचाही कच्चा खर्डा हातात आला की आम्ही आधी त्याचा ताजा कलम शोधतो. तो बहुधा शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, एखाद्या दुय्यम वाक्यात दबलेला असतो. लेखकाला स्वतःला तो दिसत नाही; त्याच्या मते महत्त्वाचे ते वर येऊन गेलेले असते. ती ओळ वर आणायचीच असे नाही. तिला तळाशी राहू द्यावे लागते, कारण बाईनेही ती शेवटीच सांगितली होती. पण वरची खैरियत मग त्या ओळीच्या भाराने वाकली पाहिजे. खैरियत लिहिताना बाईचा आवाज कुठे अडखळला, कोणाचा सलाम लिहायचा राहिला, हे दिसले पाहिजे. भिंत घालणाऱ्या भावाचा सलाम पत्रात असेल की नसेल? एवढा एक विचार केला तरी गोष्ट अर्धी सुधारते.

मग कॅसेटी आल्या. आखातातून आलेल्या टेपरेकॉर्डरवर बायका बोलून ठेवत आणि जाणाऱ्या माणसाच्या हाती कॅसेट देत. पोराची गरज संपली. त्या कॅसेटींपैकी दोन-तीन घरच्यांच्या परवानगीने आम्ही ऐकल्या आहेत. पत्रात नसलेले त्यात सगळे आहे : मागे पाटा-वरवंटा चाललेला, कोंबडी हाकललेली, मध्येच अजान आली म्हणून बटण दाबून थांबल्याचा खटका. आणि उर्दू साफ गेलेली. सलाम झाला की बाई थेट बोलीवर येते. पत्रातली बाई आणि कॅसेटमधली बाई एकच आहे हे ओळखू येत नाही. पत्रातली नवऱ्याशी अदबीने बोलते. कॅसेटमधली त्याला विचारते की तिकडे तुम्हाला झोप लागते कशी.

आता गोष्टीत संवाद लिहायचा तो कोणत्या बाईचा? आमच्यात यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, कॅसेटमधलीच खरी. दुसरा म्हणतो, अदब हाही तिचाच आवाज आहे, तो कुणी वरून चिकटवलेला नाही. आम्हाला दुसरा पक्ष जास्त पटतो. ज्या बाईला दोन्ही येते ती कुठे एक सोडून दुसरे धरते, त्या वळणावर माणूस सापडतो. सबंध संवाद ठसक्यात बोलीत लिहिला की वाचक खूश होतो, 'काय अस्सल भाषा!' म्हणतो, आणि माणूस मात्र निसटतो. अस्सलपणाची ही हौस ग्रामीण कथेला एका काळात फार महाग पडली.

लेखकाने मोठ्याने वाचून पाहावे असे सगळेच सांगतात. आम्ही म्हणतो, कुणासमोर वाचता ते महत्त्वाचे. आमच्या पडवीच्या घरात एक खाला आहेत. त्यांना नागरी लिपी वाचता येत नाही. उर्दू पूर्वी येत होती, आता डोळे देत नाहीत. साहित्य वगैरे त्यांना ठाऊक नाही. त्या सुपारी कातरत ऐकतात आणि जिथे ऐकणे थांबते तिथे उठून आत जातात. कोणत्या वाक्यावर खाला उठल्या याची खूण आम्ही समासात करून ठेवतो.

एका कथेचे सांगतो. १९९०च्या ऑगस्टात इराकने कुवेत घेतले. तिथे अडकलेली आपली माणसे वाळवंटातून जॉर्डनला पोचली आणि अम्मानहून विमानांनी मुंबईला आणली गेली. एक लाख सत्तर हजारांच्या आसपास माणसे. आमच्या जिल्ह्यात कैक जण अंगावरच्या कपड्यांनिशी परत आले. अशाच एका परतलेल्या माणसावर आमच्यातल्या एकाने कथा लिहिली. खर्डा बावीस पानांचा. त्यात रणगाडे होते, रस्त्यावर सोडलेल्या गाड्या होत्या, निर्वासितांच्या छावणीतले पाण्याचे हाल होते. सगळे खरे, परतलेल्यांकडून ऐकून टिपलेले. तो माणूस घरी पोचतो, बायको रडते, मोहल्ला जमतो, कथा संपते.

खाला या वेळी उठल्या नाहीत. शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "त्येचा बिछाना कुठं घातला?"

आम्ही पाहत राहिलो. त्यांनी समजावून सांगितले. सोळा वर्षे माणूस बाहेर. दोन वर्षांतून एकदा महिनाभर यायचा, तेव्हा पाहुण्यासारखी त्याची सोय व्हायची. एरवी त्याच्या खोलीत आता थोरला मुलगा आणि सून. बायको सासूजवळ माजघरात झोपते. पडवीत धाकटे. आता हा कायमचा आला. त्याने बांधलेल्या घरात त्याचा बिछाना घालायला जागा कुठे आहे?

त्या प्रश्नानंतर लेखकाने कथा नव्याने लिहिली. कुवेत दीड पानात आटोपले. उरलेली अकरा पाने एका रात्रीची झाली : मगरिबनंतर माणसे पांगली आणि घरातले कुणीच बिछान्याचा विषय काढत नाही, तिथून पहाटेपर्यंत. आजही आमच्या बैठकीत कुणी मोठा प्रसंग घेऊन आला, दंगल, पूर, परतणे, तर कुणी ना कुणी हळूच विचारतो, बिछाना कुठे घातला?

समुद्राची एक गोष्ट इथे आठवते. अमावस्या-पौर्णिमेचे ते उधाण आणि अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीत फारसा फरक पडत नाही तो भांग. मराठी गद्याने आमच्याकडचे उधाण उचलले. भावनांना येते, उत्साहाला येते. भांग कुणी नेला नाही. पण होडीवाल्या घराचे अर्धे आयुष्य भांगाच्या दिवसांत जाते आणि ललित लेखाचे बरेचसे सामान तिथेच पडलेले असते.

आता स्पष्टीकरणाचा प्रश्न. आमच्या कथेत जनाजा येतो, वुजू येते, सांदण येते, अकनी येते. संपादक प्रेमाने सुचवतात की शेवटी शब्दार्थ द्या. आम्ही देत नाही. शब्द वाक्यात कळत नसेल तर वाक्य दुरुस्त करायचे, शेवटी दवाखाना उघडायचा नाही. उदाहरणार्थ इद्दत. नवरा वारल्यावर मुस्लिम स्त्रीने पाळायचा चार महिने दहा दिवसांचा काळ म्हणजे इद्दत, असे कथेत लिहिले की तिथे कथा थांबते आणि समाजशास्त्राचा तास सुरू होतो. त्याहून वाईट म्हणजे लेखक कुणाकडे तोंड करून बोलतो आहे हे उघडे पडते. घरातल्या माणसाकडे पाठ, बाहेरच्याकडे तोंड. आमच्यातल्या एकीने हे असे सोडवले : बाई इद्दतीला बसली तेव्हा दारच्या फणसाला कुयऱ्या लागत होत्या. चार महिने दहा दिवसांनी ती पडवीत आली तेव्हा सुपात आठळ्या वाळत होत्या. बस. पुण्याच्या वाचकाला काळ कळला आणि खालांनी कातरायची थांबवून विचारले, "फनस तिना कोनी दिला तरी का खायला?" दोघांनाही जागा मिळाली.

या बाबतीत आम्हाला दूरचा, पण समुद्राच्या याच बाजूचा आधार आहे : केरळचे वैकोम मुहम्मद बशीर. मोपला घरांत बोलली जाणारी मलयाळम त्यांनी १९५१ साली थेट कादंबरीच्या नावातच आणली. 'आमच्या आजोबांचा एक हत्ती होता' असा त्या नावाचा अर्थ. शाळेच्या मलयाळमशी त्याचा मेळ बसत नाही आणि आज ते नाव केरळात शाळकरी पोरालाही पाठ आहे. बशीरांच्या धाकट्या शिक्षक भावाने त्यांच्या लिखाणातल्या व्याकरणाच्या चुका काढल्या, तो प्रसंग 'पात्तुम्मायुडे आडु' या १९५९च्या पुस्तकात त्यांनी स्वतःच मजेत सांगितला आहे. आमच्यातले शिक्षक हा प्रसंग निघाला की खाली बघतात. व्याकरण बशीरांनाही हवे होतेच. ते कोणत्या घरचे, एवढाच वाद होता.

आणि घरचा आधार म्हणजे अर्थात हमीद दलवाई. १९३२ साली चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेला हा माणूस. आज त्यांचे नाव निघते ते १९६६च्या सात महिलांच्या मोर्चासाठी, १९७०च्या मुस्लिम सत्यशोधक मंडळासाठी. पण त्याआधी 'लाट' हा कथासंग्रह आणि १९६५ची 'इंधन' ही कादंबरी लिहिणारे दलवाई कथाकार होते, हे आमच्याकडचे लोकही विसरतात. त्यांच्या विचारांशी आमच्यातल्या सगळ्यांचे जमत नाही. बैठकीत दोनदा त्यावरून चहा थंड झाला आहे. पण 'इंधन'बद्दल दुमत नाही. आजारी होऊन गावी परतलेला माणूस आणि त्याच्या डोळ्यांदेखत पेटत जाणारे गाव. ते लिहिताना त्यांनी स्वतःच्या बाजूच्या माणसालाही सूट दिली नाही आणि निवेदकाला तर मुळीच नाही. सुधारक दलवाईंना काय सिद्ध करायचे होते ते त्या कादंबरीत शोधून सापडत नाही. कथाकार म्हणून हे त्यांचे यश आहे.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यानंतर आमच्या लेखनाकडे लक्ष गेले हे खरे. पण त्याबरोबर एक मागणीही आली. मुसलमान लेखकाकडून तलाक हवा, बुरखा हवा, फार तर दंगल हवी. हे विषय खोटे आहेत असे कुणी म्हणू नये. मोहल्ल्यात राहणाऱ्याला ते रोज दिसतात. पण मागणीप्रमाणे लिहिलेली कथा पहिल्या पानावरच शेवटाकडे बघत असते. उलट बाजूने मोहल्ल्याचीही मागणी असते : आपले चांगले लिहा, आधीच आपली बदनामी कमी आहे काय. पहिली मागणी पुरस्कार दाखवते, दुसरी नाते दाखवते. दुसरी टाळणे फार अवघड.

त्या बिछान्याच्या कथेबाबत हेच झाले. ज्यांच्यावरून ती सुचली ते गृहस्थ आमच्यातल्या एकाच्या नात्यातले. छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवायची असे ठरले. त्यांनी शांतपणे ऐकली. बिछान्याला हरकत घेतली नाही, हसलेदेखील. फक्त एक वाक्य काढायला सांगितले. पहाटे त्यांचा मुलगा त्यांच्याशी काय बोलतो, ते वाक्य. "तो तसा नाय बोलला," म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "बोलला असंल तरी काढ."

ते वाक्य काढले. इथेही ते देत नाही. आमच्यातल्या दोघांचे ठाम मत आहे की कथा त्यामुळे लंगडी झाली. ते वाक्य हाच तिचा ताजा कलम होता, आणि दलवाई असते तर त्यांनी ते ठेवले असते. दोघांना वाटते की मुलगा काहीच बोलत नाही हे आता जास्त लागते. लेखक स्वतः कुठल्याच बाजूला नाही. तो म्हणतो, मला उद्या त्या घरी आखनीला बोलावतील की नाही याचाही विचार लेखनात येतो, आणि ज्याला तो येत नाही त्याने मोहल्ल्यावर लिहू नये. हा वाद अजून मिटलेला नाही. मिटेल असे वाटत नाही.

(वर 'अकनी' लिहिले आणि इथे 'आखनी'. दोन्ही घरांत दोन्ही म्हणतात. मुद्रितशोधकांनी तसेच राहू द्यावे.)

अलीकडे एक वीस-बावीस वर्षांची मुलगी बैठकीला येऊ लागली आहे. ती फोनवर लिहिते. 'कलला' लिहिले की फोन स्वतःच 'कळला' सुचवतो, अशी तिची तक्रार. म्हणजे मुद्रितशोधक आता खिशात आला. पण त्याच फोनवर तिच्या आईचे मस्कतहून येणारे आवाजी निरोप आहेत, आणि ती ते उतरवून काढते, खोकल्यासकट. या पावसाळ्यात तिचा एक लेख वाचायचा आहे, शिक्षकांची एक कथा, आणि बर्फवाल्यांचे काहीतरी, ज्याला ते अजून नाव द्यायला तयार नाहीत.

खालांना आता ऐकू कमी येते. ओरडून वाचावे लागते. पावसाचा आवाज त्यात भर. त्यामुळे खर्डा अख्ख्या गल्लीला ऐकू जातो. मागच्या खेपेला शिक्षकांच्या कथेत तांडेल नस्त सोडून सुकतीला होडी बाहेर काढतो असे आले, तेव्हा समोरच्या पागोळ्यांआडून कुणीतरी ओरडले, "ओ मास्तर, सुकतीला नाय, भरतीला! वालूत रुतंल ती!"

मास्तरांनी तिथल्या तिथे खोडले.